किरणदग्ध कंठातील नाडीव्रण आणि त्याचे संधान

गळ्याच्या कर्करोगासाठी प्रथम किरणोपचार आणि पुढे स्वरयंत्र काढून टाकण्याचे शस्त्रकर्म झालेला रुग्ण मानेवर रुमाल दाबून चिकित्सालयात येतो. रुमाल लाळेने भिजलेला असतो. त्याखाली मानेच्या पुढील बाजूस एक छिद्र असते. रुग्णाने पाण्याचा घोट घेतला तर तो घोटही त्याच वाटेने बाहेर पडतो. रुग्णास स्वतः बोलता येत नाही. सोबत आलेली पत्नी किंवा मुलगा सांगतो, की दोन महिने ड्रेसिंग चालू आहे, पण जखम भरत नाही, आणि मग विचारतो, "वैद्यराज, तुमच्याकडे भगंदराचा व्रण भरून येतो, तसा हा भरेल का?" अनेकदा हा प्रश्न वैद्याच्या आधी औषधी दुकानात विचारला जातो आणि जात्यादि तेलाची बाटली घेऊन मंडळी घरी परततात.

प्रश्न रास्त आहे. नाडीव्रण हा आपल्या शास्त्राच्या अधिकाराचा प्रांत मानला जातो आणि भगंदरातील क्षारसूत्राची उपयुक्तता भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासातही तपासली गेली आहे. परंतु किरणोपचारानंतर कंठात होणारा हा नाडीव्रण भगंदराच्या जातकुळीतला नाही. येथे जखमेवर काय लावावे हा प्रश्न दुय्यम असून जखमेपर्यंत रक्त कोठून आणावे हा प्रश्न मुख्य आहे. हे ज्याच्या लक्षात आले त्या वैद्याकडून रुग्णाचे मोलाचे आठवडे वाया जात नाहीत. ज्याच्या लक्षात येत नाही, त्याच्या हातून प्रसंगी प्राणहानीही होऊ शकते. म्हणून हा विषय सविस्तर मांडण्याचे योजले आहे.

संप्राप्ती

स्वरयंत्र संपूर्ण काढले की ग्रसनीची पुढची भिंत उघडी पडते. शल्यचिकित्सक तिच्या दोन्ही कडा जवळ आणून शिवतो आणि जिभेच्या मुळापासून अन्ननलिकेपर्यंत एक नवी नळी तयार करतो. श्वासनलिकेचे टोक मानेच्या तळाशी त्वचेला कायमचे जोडले जाते. त्या दिवसापासून रुग्ण नाकातोंडाने श्वास घेत नाही, मानेवरील त्या द्वारातून घेतो. श्वासमार्ग व अन्नमार्ग येथे पूर्णपणे वेगळे झालेले असतात, ही गोष्ट या लेखात पुढे वारंवार उपयोगी पडणार आहे.

शिवणीवरून दिवसाला सुमारे एक ते दीड लिटर लाळ वाहते. शिवण कोठे सैल झाली तर ती लाळ त्वचेखाली झिरपते, साचते, कुजते आणि वाट काढून बाहेर येते. हे बहुधा शस्त्रकर्मानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात घडते. ताप, मानेवर लाली व उष्णस्पर्श, दुर्गंधी स्राव ही पूर्वरूपे होत. किरणोपचार न झालेल्या मानेत असे छिद्र मुखावाटे अन्न बंद ठेवून, नळीने पोषण देऊन आणि स्वच्छ ड्रेसिंग करून काही आठवड्यांत पुष्कळदा आपोआप भरते. किरणोपचार झालेल्या मानेत ते भरण्याचे नाव घेत नाही.

याचे कारण शेकाच्या परिणामात आहे. आपल्याकडे रुग्ण या उपचाराला "लाईट घेणे" किंवा "शेक देणे" म्हणतात. कंठाच्या कर्करोगात साधारणतः ६६ ते ७० ग्रे इतकी मात्रा ३३ ते ३५ बैठकांत, म्हणजे साडेसहा-सात आठवड्यांत, विभागून दिली जाते. तिने कर्कपेशी मरतात. सोबत त्या भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अंतःस्तर जाड होऊन त्यांची पोकळी बुजत जाते, धातू सांधणाऱ्या पेशी घटतात आणि मऊ मांसाच्या जागी कठीण तंतू तयार होतात. अमेरिकन मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ साली किरणदग्ध जबड्याच्या अस्थीविषयी लिहिताना रक्तवाहिन्यांची न्यूनता, पेशींची न्यूनता आणि प्राणवायूची न्यूनता अशी त्रयी मांडली. गळ्याच्या मृदू धातूंनाही ती बरीचशी लागू पडते. विशेष म्हणजे हा बदल उपचार संपल्यावर थांबत नाही, पुढे वर्षानुवर्षे चालू राहतो.

अग्निदग्धाशी याची तुलना करण्याचा मोह होतो आणि लेखाच्या शीर्षकात ती केलीही आहे. पण तुलना अर्धीच खरी आहे. अग्निदग्ध व्रणात मध्यभाग जळालेला असला तरी सभोवतालचा प्रदेश निरोगी असतो आणि रोपण त्या कडेकडून आत सरकत येते. किरणदग्ध मानेत कडाच रोगी असते. सुश्रुताने व्रणाच्या साध्यासाध्यतेचा विचार करताना स्थान, धातू आणि रुग्णबल यांना जे महत्त्व दिले आहे, ते येथे अक्षरशः प्रत्ययास येते. रस-रक्ताचे वहनच खुंटलेल्या ठिकाणी रोपण द्रव्य कार्य करणार तरी कोणत्या आधारावर?

या रुग्णांची संख्या वाढण्यामागे एक इतिहासही आहे. थिओडोर बिलरोथ यांनी ३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्ना येथे कर्करोगासाठी पहिले संपूर्ण स्वरयंत्रच्छेदन केले. पुढे वाढलेल्या रोगात प्रथम शस्त्रकर्म व नंतर किरणोपचार असा क्रम रूढ झाला. १९९१ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ३३२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी रसायनोपचार व मग किरणोपचार दिलेल्या गटात ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचले आणि दोन्ही गटांतील जीवितमान सारखेच राहिले. स्वर वाचवणे हा मोठाच लाभ होता व आहे. परंतु ज्यांच्यात रोग उरतो किंवा उलटतो त्यांचे स्वरयंत्र आता किरणदग्ध मानेतून काढावे लागते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात अशा रुग्णांतील नाडीव्रणाचे प्रमाण, पूर्वी केवळ किरणोपचार झालेल्यांत १५ टक्के आणि किरणोपचारासोबतच सिस्प्लॅटिन दिलेल्यांत ३० टक्के आढळले. तंबाखू, गुटखा आणि मद्य यांनी पोखरलेल्या आपल्या प्रदेशात हे आकडे परके मानण्याचे कारण नाही.

एक सावधगिरी येथेच नोंदवितो. भरून आलेली मान काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा फुटली तर, दुसरे काही सिद्ध होईपर्यंत, कर्करोग उलटला आहे असेच धरून चालावे. क्वचित शस्त्रकर्म न होताही केवळ शेकाने कूर्चा कुजून छिद्र पडते. दोन्ही प्रसंगी कडेचा तुकडा काढून तपासणे आवश्यक असते आणि ते काम मोठ्या रुग्णालयातच होते.

क्षारसूत्र आणि तेल

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात कृश, दुर्बल व भीरू रुग्णांच्या नाडीव्रणात, तसेच नाडी मर्माश्रित असता, शस्त्र टाळून क्षारसूत्राचा अवलंब सांगितला आहे. आपल्यापुढील रुग्ण कृश असतो, दुर्बल असतो, भ्यालेलाही असतो आणि त्याची नाडी मर्मप्रदेशात असते. वरवर पाहता हे वर्णन त्याच्यासाठीच लिहिले आहे असे वाटावे. उत्साही तरुण वैद्याला हा आधार भुरळ घालू शकतो, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

क्षारसूत्र काय करते? स्नुहीक्षीर, अपामार्गक्षार आणि हरिद्रा यांनी संस्कारित सूत्र नाडीमार्गाला हळूहळू छेदीत जाते, दुष्ट धातू काढते, पूयाला वाट देते, आणि सूत्र पुढे सरकेल तसा मागचा भाग भरत येतो. या क्रियेची दोन गृहीतके आहेत. मार्ग संपूर्ण उघडा झाला तरी अपाय नाही, हे पहिले. मागचा भाग भरून येण्याइतका निरोगी आहे, हे दुसरे. गुदप्रदेशात दोन्ही बहुधा खरी असतात. किरणदग्ध कंठात दोन्ही खोटी ठरतात. येथे मार्ग उघडा करणे म्हणजे ग्रसनी आणि त्वचा यांमधले भोक मोठे करणे होय. आणि मागे भरून येण्यासारखे काही नसतेच. शिवाय ही नाडी पूयाने पोसलेली नसून वरून अखंड येणाऱ्या लाळेने पोसलेली आहे. क्षाराने मार्गशुद्धी झाली म्हणून लाळ थांबत नाही. ग्रंथातील विधान ज्या संप्राप्तीला उद्देशून आहे, ती संप्राप्ती येथे नाही. त्यामुळे हा ग्रंथाचा अनादर होत नाही. ग्रंथ नीट वाचणे म्हणजे हेच.

याहून गंभीर बाब मर्माची आहे. ग्रीवेतील आठ मातृका सद्यःप्राणहर मर्मांत गणल्या आहेत. आधुनिक शारीराच्या भाषेत, नाडीच्या भिंतीपासून अगदी जवळ मानेची मोठी धमनी असते. तिची भिंत शेकाने आधीच क्षीण झालेली असते आणि आता ती दिवसरात्र जंतुयुक्त लाळेत भिजत असते. अशी धमनी अकस्मात फुटते. फुटण्यापूर्वी काही तास वा काही दिवस थोडेसे ताजे रक्त ड्रेसिंगवर दिसते आणि आपोआप थांबते, असे अनेक रुग्णांत घडते. हाच इशारा असतो. "थोडेसे रक्त आले होते, थांबले" हे वाक्य ऐकताच रुग्णाला त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला, शस्त्रकर्माची व रक्तवाहिनी बंद करण्याची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. प्रत्यक्ष जोराचा रक्तस्राव सुरू झाला तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, ते काढून पाहू नये, आणि खालचे श्वासद्वार मोकळे राहील याची काळजी घेत वाहन बोलवावे. क्षार, सूत्र, वर्ती, एषणी यांपैकी काहीही या छिद्रात घालू नये. खोली मोजण्यापुरती शलाकासुद्धा नको.

तेलाचे काय? जात्यादि तेल हे उत्तम व्रणरोपक आहे, याविषयी दुमत नाही. परंतु या छिद्रात घातलेले तेल दोनच ठिकाणी जाते. आतून ग्रसनीत, म्हणजे पोटात. आणि या तेलात तुत्थ असते हे औषधी दुकानदारांनी विसरू नये. किंवा बाहेरून ओघळून खालच्या श्वासद्वारात, म्हणजे थेट फुप्फुसात. फुप्फुसात गेलेला स्नेह तेथे साचून एक चिवट शोथ उत्पन्न करतो. आधुनिक वैद्यक त्याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणते. घृत, मलम आणि चूर्णाचे अवचूर्णन यांनाही हाच आक्षेप लागू पडतो.

रक्त आणण्याची विद्या

मग हा व्रण भरतो कसा? बाहेरून, शेक न लागलेल्या प्रदेशातून, स्वतःची रक्तवाहिनी सोबत घेऊन आलेल्या सजीव मांसाने. अशा तुकड्याला फ्लॅप म्हणतात आणि या कल्पनेचे मूळ आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कर्णसंधानाचे प्रकार आणि नासासंधान वर्णिले आहे. त्यात नाकाच्या मापाचे पान घेऊन तेवढी त्वचा गालावरून घेतली जाते, परंतु ती गालापासून पूर्णपणे तोडली जात नाही. एका बाजूने ती जोडलेलीच राहते. संपूर्ण विधीचा प्राण त्या न तोडलेल्या बाजूत आहे.

ही परंपरा पुणे परिसरात अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जिवंत होती. इंग्रजी सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या इसमाचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते. वीटकामाचा जातव्यवसाय असलेल्या एका कारागिराने मेणाचा साचा करून त्याच्या कपाळावरील त्वचेतून नवे नाक उभारले. ऑक्टोबर १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझिन' या लंडनच्या नियतकालिकात हा वृत्तांत छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुण्याच्या कारागिराने भुवयांमधला त्वचेचा पूल आधी कापला नव्हता. नवे नाक जागेवर रुजल्यावरच तो कापला. आपल्या सभासंमेलनांत या कथेचा गौरव नेहमी होतो, मात्र त्या पुलाविषयी कोणी फारसे बोलत नाही.

गळ्याच्या दुरुस्तीचा पुढील इतिहास हा त्या पुलाचाच इतिहास आहे. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील वाहराम बाकामजियान यांनी १९६५ साली छातीच्या वरच्या भागातील त्वचा, उरोस्थीजवळून येणाऱ्या रक्तवाहिन्यांवर जिवंत ठेवून, गळ्यात वळवली. काही आठवड्यांनी दुसऱ्या टप्प्यात तिचा पूल तोडावा लागे. येथे किरणदग्ध मानेची अडचण पुन्हा आडवी येते: पूल तोडल्यावर तुकडा जगण्यासाठी यजमान प्रदेशाने त्याला रक्त पुरवले पाहिजे आणि यजमान तर कंगाल आहे. १९७९ साली स्टीफन एरियन यांनी छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, त्यावरील त्वचेसह मानेत आणण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे, की हिच्यातला पूल कधीच तोडावा लागत नाही. अक्षकास्थीच्या मध्याखालून निघणारी धमनी स्नायूच्या अंतर्भागातून धावते आणि तो स्नायू तिच्यासह आजन्म मानेत राहतो. आज भारतातील कर्करोग रुग्णालयांत हाच फ्लॅप नित्याचा आधार आहे. त्याला सूक्ष्मदर्शकही लागत नाही आणि दोन चमूही लागत नाहीत.

प्रत्यक्ष कर्म असे चालते. संज्ञाहरण श्वासद्वारातून दिले जाते. नाडीच्या कडा कापीत शल्यचिकित्सक ज्या ठिकाणी ताजे रक्त दिसेल तेथवर जातो. मूळ छिद्र बोटाएवढे असले तरी निकृष्ट धातू काढल्यावर ते तळहाताच्या निम्मे होते, आणि नातेवाइकांना याची आधी कल्पना दिलेली बरी. छिद्राचे माप घेऊन तेवढी त्वचा छातीवर, बहुधा स्तनाग्राच्या आतल्या-खालच्या बाजूस, आखली जाते. त्वचा, मेद आणि स्नायू एकत्र उचलून, धमनीला पीळ न पडू देता, अक्षकास्थीवरून त्वचेखालील बोगद्यातून ते मानेत नेतात. आता गंमत पाहा: छातीची त्वचा येथे उलटी होऊन आत तोंड करते. ती ग्रसनीची नवी भिंत बनते आणि तिच्या कडा उरलेल्या श्लेष्मल त्वचेला पाणीही झिरपणार नाही अशा शिवल्या जातात. स्नायूचा जाड थर मोठ्या धमनीवर पांघरला जातो. बाहेरची त्वचाही नष्ट झाली असेल तर स्नायूच्या उघड्या पृष्ठावर मांडीची पातळ त्वचा चिकटवतात. म्हणजे व्रणाला आतले अस्तर, मधली पूरणी आणि बाहेरचे आवरण असे तिन्ही थर मिळतात. केवळ बाहेरून त्वचा ओढून शिवण्याचे प्रयत्न का फसतात, हे यावरून कळेल. आतले अस्तर न मिळाल्याने लाळ पुन्हा शिवणीखाली शिरते.

स्नायू नुसता शिवणीवर पांघरण्याचाही उपयोग आहे आणि तो छिद्र पडण्यापूर्वीच. २०१३ साली अमेरिकेतील आठ संस्थांच्या ३५९ किरणदग्ध रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. नुसते शिवलेल्या रुग्णांपैकी ३४ टक्क्यांत नाडीव्रण झाला, छातीचा स्नायू वरून पांघरलेल्यांत १५ टक्क्यांत. त्यामुळे ज्या रुग्णाचे स्वरयंत्रच्छेदन अजून व्हावयाचे आहे, त्याच्या नातेवाइकांनी शल्यचिकित्सकास "स्नायूचा थर घालणार का?" असे अवश्य विचारावे. हा प्रश्न त्यांना सुचवणे हेही वैद्याचे काम आहे.

हाताच्या पुढच्या भागाची किंवा मांडीची त्वचा रक्तवाहिनीसह पूर्ण तोडून, सूक्ष्मदर्शकाखाली मानेतील वाहिन्यांना जोडण्याची पद्धतही आज रूढ आहे. तिने नळी अधिक सडपातळ होते. मात्र शेक लागलेल्या मानेत जोडण्याजोगी वाहिनी मिळणे हेच कधीकधी कठीण होऊन बसते.

शस्त्रकर्मापूर्वीचे आठवडे

मोठे छिद्र, उघडी धमनी किंवा वाढता संसर्ग असेल तर शस्त्रकर्म लवकर करतात. एरवी रुग्णाला काही आठवडे तयार केले जाते, आणि या काळात तो आपल्याकडे येण्याचा संभव सर्वाधिक असतो. बृंहण येथे निर्विवाद आवश्यक आहे, परंतु मुखावाटे काहीही द्यावयाचे नाही. अन्न नाकातील किंवा पोटावरील नळीने जाते. च्यवनप्राश, अवलेह, घृत आणि नीट न विरघळणाऱ्या गुग्गुळकल्पांच्या गोळ्या या नळीत चिकटतात आणि नळी बुजते. बुजलेली नळी बदलताना ताज्या शिवणीस धक्का लागू शकतो. गंडूष, कवल आणि नस्य यांतील द्रव मानेतून बाहेर येते, म्हणून तेही थांबवावे.

यष्टिमधू कंठ्य म्हणून सढळ हाताने दिली जाते. ती अधिक मात्रेत व दीर्घकाळ दिल्यास रक्तातील पोटॅशियम घटते. सिस्प्लॅटिन घेतलेल्या रुग्णात ते आधीच घटलेले असू शकते. सिस्प्लॅटिनने वृक्कही दुर्बल होतात, म्हणून पारद, नाग व तत्सम खनिज कल्प या रुग्णांत देऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. जे काही दिले असेल ते शल्यचिकित्सकास लेखी कळवावे.

आणखी एक गोष्ट नित्य निसटते. शस्त्रकर्मात अवटु ग्रंथीचा काही भाग काढलेला असतो आणि उरलेल्या भागाला शेक लागलेला असतो. ग्रंथीचा स्राव घटतो, रुग्ण मंद होतो, सुजतो, मलावष्टंभ होतो, आणि आपण त्याला अग्निमांद्य म्हणून दीपन-पाचन देत राहतो. या अवस्थेत व्रणही भरत नाही. टीएसएच तपासणी स्वस्त आहे व तालुक्याच्या गावीही होते. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन यांचीही तपासणी सोबत करून घ्यावी.

औषधी दुकानदारांसाठी एवढेच, की कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने निषिद्ध आहे. "गळ्याची गाठ व नाडी हमखास बरी" अशी पाटी दुकानात लावणे हा गुन्हा आहे, मग ती उत्पादकाने फुकट पाठवलेली का असेना.

संधानानंतर

मानेत आणलेल्या स्नायूचे जीवित अक्षकास्थीवरून जाणाऱ्या त्या एका धमनीवर अवलंबून असते. पहिले काही दिवस तर तिच्यावर कशाचाही दाब चालत नाही. श्वासनळीची फीत, घट्ट बंध, गळ्यातील माळ किंवा गंडादोरा, सर्व दूर ठेवावे लागते. देवाचा दोरा काढण्यास घरची मंडळी का कू करतात. तेव्हा तो मनगटावर बांधावा असे वैद्याने सांगितले तर ते ऐकतात, डॉक्टरांनी सांगितले तर कधीकधी ऐकत नाहीत.

वळवलेल्या त्वचेला स्पर्शज्ञान नसते. खांदा आखडला, मान ओढते म्हणून घरी गरम पाण्याची पिशवी किंवा वाळूची पुरचुंडी ठेवली जाते आणि रुग्णाला चटका जाणवत नाही. स्वेदनाने भाजलेला फ्लॅप हा टाळता येण्याजोगा अपघात आहे. छातीचा स्नायू गेल्याने खांद्याची शक्ती काहीशी उणी होते. तेथे सर्व जखमा भरल्यावर शल्यचिकित्सकाच्या संमतीने, मान व छातीचा वळवलेला भाग वगळून, अभ्यंग आणि व्यायाम देण्यास उत्तम वाव आहे.

तोंडाने अन्न सुरू करण्यापूर्वी क्ष-किरणांत दिसणारे द्रव गिळवून चित्र घेतात. कोठेही गळती नसेल तरच पाणी, मग पेज, मग मऊ भात असा संसर्जनक्रम चालतो. पेयादि क्रमाशी परिचित असलेल्या वैद्याला तो समजावून सांगणे सोपे जावे. पुढे नळी अरुंद होऊन घास अडकू लागला तर ती दुर्बिणीतून रुंद करता येते. मात्र घास नव्याने अडकू लागणे हे रोग उलटल्याचेही लक्षण असू शकते, हे ध्यानात ठेवून रुग्णास आधी तपासणीस पाठवावे.

स्वराचा प्रश्न स्वतंत्र आहे. सिंगर आणि ब्लॉम यांनी १९८० साली श्वासनलिका व अन्ननलिका यांमध्ये लहानशी झडप बसवून बोलता येण्याची युक्ती प्रसिद्ध केली. मुद्दाम केलेल्या त्या छिद्रातूनही कधी पाणी श्वासनलिकेत गळते व खोकला येतो. तो प्रकार वेगळा, त्याची दुरुस्तीही वेगळी. मानेवरील नाडीव्रणाशी त्याची गल्लत करू नये.

आणि शेवटी एक लहानशी बाब, जिच्यासाठी रुग्ण हमखास घाबरून येतो. पुरुषाच्या छातीच्या त्वचेवर केस असतात आणि ती त्वचा आता गळ्याच्या आत असते. केस तेथेही वाढतात. घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, कधी घास त्यात गुंततो. त्यासाठी कंठ्य वटी देण्याचे कारण नाही. नाक-कान-घसा तज्ज्ञ दुर्बिणीतून ते कापून देतात.